जुनी शहरं वाचली ती कशामुळे

आज आपण ज्याला 'जुनं शहर' म्हणतो ते तिथल्या लोकांसाठी कित्येक शतकं नुसतं शहरच होतं. भोवती तटबंदी, ठरावीक वेशी, त्या रात्री बंद व्हायच्या, आणि आत सरदार, कारागीर, व्यापारी, हमाल सगळेच एकमेकांना चिकटून राहायचे. ते 'जुनं' झालं तटाबाहेर नवं शहर उभं राहिलं तेव्हा. आणि ज्या गल्ल्याबोळांत आपण आज मुद्दाम फिरायला जातो त्यातल्या बऱ्याच कुणी जपल्या म्हणून नाही टिकल्या, पैसेवाले तिथून उठून गेले आणि पाडून नवं बांधायला कुणी आलंच नाही म्हणून टिकल्या, मला तरी यामागचं मुख्य कारण हेच वाटतं.

एकोणिसाव्या शतकात तोफांपुढे तट निरुपयोगी झाले आणि आतली गर्दी तर मावेना, मग पाडापाडी सुरू झाली. व्हिएन्नात 1857 मध्ये सम्राटाने हुकूम काढला आणि मग तट पाडून त्या जागी रुंद रिंगरोड केला, क्युबाच्या हवानात 1863 पासून भिंत पाडायला घेतली, मुंबईचा कोटही त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात गेला आणि मागे फक्त 'फोर्ट' हे नाव राहिलं. पॅरिसमध्ये तर 1853 पासून ओसमाँ या सरकारी अधिकाऱ्याने शहराच्या पोटातूनच सरळ रस्ते काढले, त्यात काय काय गेलं ते आता नकाशातच बघायचं.

वसाहतींमधली गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे बरीच शहरं आधी कागदावर आखली आणि मग बांधली. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने 1573 मध्ये नियमच काढले होते, चौक कुठे, रस्ते किती रुंद, सगळं. चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट हवी, का तर सणाच्या दिवशी घोडे नीट पळवता यावेत! थंड प्रदेशात रस्ते रुंद, उष्ण प्रदेशात अरुंद, म्हणजे सावली मिळेल. लॅटिन अमेरिकेतल्या इतक्या गावांच्या मधोमध तसाच आयताकृती चौक का दिसतो, ते यावरून कळतं.

मोरोक्कोत फ्रेंच आले 1912 मध्ये, आणि त्यांचा तिथला मुख्य अधिकारी ल्योते याने फेस शहराच्या जुन्या मदिनाला, म्हणजे तटाआतल्या जुन्या भागाला, हात न लावता नवं शहर अंतर ठेवून वेगळं बांधलं. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ असाही होता की युरोपीय लोक एका बाजूला, स्थानिक दुसऱ्या बाजूला, आणि नवे रस्ते नि सोयी जास्त करून नव्या बाजूला. स्वातंत्र्यानंतर फेसमधली श्रीमंत घराणी नव्या शहरात किंवा कासाब्लांकाला गेली आणि त्यांच्या वाड्यांत खेड्यातून आलेली कुटुंबं खोली खोली करून राहू लागली. आजही तिथल्या बोळांत गाडी शिरत नाही, माल खेचरावर येतो, मागून 'बालाक, बालाक' म्हणजे 'बाजूला व्हा' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. हवानातही असंच झालं, श्रीमंत वेदादो या नव्या वस्तीकडे सरकले आणि जुन्या हवेल्यांच्या चाळी झाल्या.

प्राचीन शहरांत तर इमारत जाते पण तिची रेषा राहते. इटलीत लुक्का गावात घरांची एक रांग चक्क लंबगोल वळते, कारण ती घरं रोमन अँफिथिएटरच्या, म्हणजे खेळ बघायच्या लंबगोल प्रेक्षागृहाच्या, कमानींवरच चढवलेली आहेत! जुन्या भागात फिरताना गल्ली उगाच वाकलेली दिसली तर थांबून विचारावं, इथे आधी काय होतं.

मुद्दाम जपणं सुरू झालं ते बरंच उशिरा. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या वॉर्सॉचं जुनं शहर 85 टक्क्यांहून जास्त उद्ध्वस्त झालं, ते लोकांनी अठराव्या शतकातली चित्रंसुद्धा समोर ठेवून परत बांधलं. फ्रान्सने 1962 मध्ये आख्खा जुना भाग संरक्षित करायचा कायदा केला, 1978 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत इक्वेडोरचं कीटो आणि पोलंडचं क्राकोव आले.

पण यादीत येण्याआधीच काही ठिकाणी माणसं तिथून उठून गेली होती. मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये खाली दुकान, वर घर अशा जुन्या इमारती भाडेनियंत्रणामुळे स्वस्त राहिल्या होत्या, त्यामुळे जुने कारागीर तिथेच टिकले. तो कायदा 2000 च्या सुरुवातीला उठला, भाडी वाढली, अनेक कुटुंबं जागा सोडून गेली. शहर युनेस्कोच्या यादीत आलं ते 2008 मध्ये.