पेग

पेग : व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन, व्होडका अशी कडक दारू मोजून देण्याचे भारतातले रूढ माप. छोटा पेग ३० मिली, मोठा ६० मिली. बोलण्यात 'स्मॉल' आणि 'लार्ज', नाहीतर नुसते 'थर्टी' आणि 'सिक्स्टी'. बियर आणि वाइन पेगात मोजत नाहीत. मराठीत मात्र हा शब्द मापापुरता राहिलेला नाही. ज्या स्टीलच्या मापाने दारू मोजतात ते माप, त्यातून ग्लासात पडलेली दारू आणि पाणी-सोडा घालून तयार झालेला ग्लास, तिन्हींना पेगच म्हणतात. 'पेग भर', 'पेग उचल' आणि 'दोन पेगात आडवा झाला' या वाक्यांतला पेग दर वेळी निराळा असतो.

शब्द इंग्रजी असला तरी या अर्थाने तो रुळला हिंदुस्थानातल्या साहेबी क्लबांत. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशात तो ब्रँडी-सोड्याच्या अर्थाने आला आहे, म्हणजे तेव्हा पेग हे माप कमी आणि पेय जास्त होते. उत्तर युरोपात पूर्वी आतून खुंट्या बसवलेले मोठे सामायिक पेले असत. एकाने एका खुंटीपर्यंत प्यायचे आणि पेला पुढे सरकवायचा. इंग्रजीत खुंटीला पेग म्हणतात, त्यावरून शब्द आला असे बहुधा सांगतात. साहेब लोकांची स्वतःची व्युत्पत्ती याहून खमंग होती : प्रत्येक पेग म्हणजे आपल्याच शवपेटीत ठोकलेली एकेक खुंटी.

३० मिली हा इंपीरियल द्रव औंसाच्या (२८.४ मिली) जवळचा गोळाबेरीज आकडा आहे. ब्रिटनमधल्या पबात आज २५ किंवा ३५ मिलीचे माप चालते, तर अमेरिकेत सर्वसाधारण शॉट दीड औंसाचा, म्हणजे सुमारे ४४ मिलीचा असतो. मुंबईत लार्ज पिण्याची सवय असलेल्या माणसाला लंडनमध्ये 'सिंगल' मागवल्यावर ग्लासाचा तळ शोधावा लागतो, त्याचे कारण एवढेच.

आपल्याकडे बाटल्यांची मापेही पेगाच्या हिशेबातच डोक्यात बसलेली असतात. ६० मिलीत दोन छोटे पेग, 'नाइन्टी'त तीन, १८० मिलीच्या 'क्वार्टर'मध्ये सहा आणि ७५० मिलीच्या 'खंब्या'त पंचवीस. ३७५ मिलीची 'हाफ' तेवढी हट्टी, तिच्यात साडेबारा पेग बसतात. क्वार्टरला बाटलीच्या आकारावरून 'चपटी' असेही म्हणतात. हे नाव सरळ आहे, 'क्वार्टर' हे नाव तितके सरळ नाही. क्वार्टर म्हणजे पाव बाटली, पण ७५० ची पाव होते १८७.५ मिली. चार क्वार्टर एकत्र केल्या तर ७२० मिली भरतात. खंब्यापेक्षा कमी पडतात ते ३० मिली, नेमका एक छोटा पेग.

मोजणे. महाराष्ट्रात सुटी दारू बसून प्यायची जागा म्हणजे परमिट रूम. नाव पडले १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमावरून. कायदा मुळात बंदीचा, त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा आणि ज्या खोलीत परवानाधारक पिऊ शकतो ती परमिट रूम. या अधिनियमाच्या नावात आता 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' आले आहे. बियर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे, कडक दारूसाठी २५. सीलबंद बाटली मिळते वाइन शॉपमध्ये. तिथे वाइनपेक्षा रम आणि व्हिस्कीच जास्त खपते, पण पाटीवर वाइनच असते. पेग मोजण्याचा प्रश्न तिथे येत नाही. तो येतो परमिट रूमच्या टेबलावर, जिथे बाटली एकाच्या हातात असते आणि डोळे चौघांचे.

पेग-मेजर हे बहुधा दोन तोंडांचे स्टीलचे माप असते, डमरूसारखे. एका बाजूला ३० मिली, दुसऱ्या बाजूला ६०. वजन-मापांप्रमाणे याचीही वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. वेटर ते ग्लासाच्या तोंडावर सरळ धरतो, दुसऱ्या हाताने बाटली तिरकी करतो, दारू काठाला टेकली की मनगट वळवतो आणि माप ग्लासात उलटे होते. सराईत हाताला हे सगळे दोन सेकंदांत जमते, आणि नेमक्या त्या दोन सेकंदांबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार असते.

तक्रारीत तथ्य किती, ते भूमितीने तपासता येते. मापाचे तोंड बुडापेक्षा रुंद असते, त्यामुळे दारूचा मोठा वाटा वरच्या थोड्या उंचीत साठतो. तोंडाचा व्यास ४ सेंमी धरला तर काठालगतच्या प्रत्येक मिलिमीटरला जवळपास सव्वा मिली बसते. वेटरने काठाखाली दोन मिलिमीटर सोडले, तर ३० मिलीतले सुमारे अडीच मिली गेले. डोळ्याला हे जाणवतही नाही, पण त्याच हाताने अख्खी बाटली मोजली तर पंचविसाऐवजी सत्तावीस पेग निघतात. उलटही घडते. माप काठोकाठ भरले की पृष्ठताणामुळे दारू काठाच्या किंचित वर फुगते आणि ओतताना दोन थेंब ग्लासाबाहेर सांडतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला असा 'फुगलेला' पेग मिळतो, अशी परमिट रूममधली जुनी समजूत आहे. माझ्या मते मापाखाली ग्लास नीट धरला असेल तर सांडलेले थेंबही आतच पडतात, त्यामुळे पेग पाहताना मापापेक्षा ग्लास कुठे आहे ते पाहावे.

ब्रिटिश पबांत हा वाद एका यंत्राने मिटवला. भिंतीवर बाटली उलटी टांगायची आणि तिच्या तोंडाला ठरावीक मिली सोडणारी झडप बसवायची, तिला ऑप्टिक म्हणतात. कॉकटेल बारमध्ये बाटलीला चोच लावून मनात आकडे मोजत 'फ्री पोअर' करण्याची रीत आहे. ती दिसायला देखणी, पण हात बसलेला नसेल तर मापात ढिली. आपल्याकडच्या साध्या परमिट रूममध्ये यातले काहीच फारसे रुजले नाही. अविश्वास आहे म्हणून माप टेबलावर यायला हवे, आणि माप टेबलावर आले की तो अविश्वास बोलून दाखवायची गरज उरत नाही. ज्यांना तेवढ्यानेही चैन पडत नाही ते पेग न मागवता क्वार्टरच मागवतात. समोर सील तुटते, मग चार जण आपापसात काय भांडायचे ते भांडतात.

घरी मेजर क्वचितच असतो. तिथे 'दोन बोटं' चालतात, म्हणजे ग्लासाच्या बुडाला आडवी बोटे लावून तेवढ्या उंचीपर्यंत भरायचे. अरुंद ग्लासातली दोन बोटे आणि रुंद ग्लासातली दोन बोटे यांत दुपटीचा फरक पडू शकतो, आणि सगळ्यांना सारखे भरले असे सांगणाऱ्याचा स्वतःचा ग्लास बहुतेक वेळा रुंद असतो. बोटांच्या मापाचा कळस म्हणजे पटियाला पेग : ग्लासाला बोटे जुळवून लावायची आणि करंगळीपासून तर्जनीपर्यंत भरायचे. मिलीत त्याला साधारण १२० म्हणतात. पटियाळ्याचे महाराज भूपिंदरसिंग (१८९१–१९३८) यांनी पाहुण्या गोऱ्या खेळाडूंना सामन्याच्या आदल्या रात्री असले पेग पाजून दुसऱ्या दिवशी हरवले, ही त्यामागची लाडकी गोष्ट. ती इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते की इतिहासापेक्षा दंतकथेतच धरलेली बरी.

ओतणे. क्रम ठरलेला आहे : आधी दारू, मग बर्फ, शेवटी पाणी किंवा सोडा. बर्फ आधी टाकला तर ३० मिली त्याच्या फटींतून पसरते आणि पेग भरलेला दिसतो, म्हणून जाणते गिऱ्हाईक रिकाम्या ग्लासात पेग पडू देते आणि मगच चिमटा हातात घेते. सोडा शेवटी घालण्याचे कारण वेगळे. वरून पडणारा सोडा दारूला आपोआप मिसळतो, ढवळावे लागत नाही आणि गॅस टिकतो. ग्लास तिरका धरून कडेने ओतला तर आणखी टिकतो. 'हाफ सोडा, हाफ पाणी' हा मधला मार्ग. टेबलावरच्या पहिल्या दोन ओल्या वर्तुळांबरोबर आणखी एक छोटा विधी दिसतो : पिण्याआधी बोट ग्लासात बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे. का, असे विचारले तर उत्तर टेबलागणिक बदलते, शिंपडणे मात्र चुकत नाही.

दारूत पाणी घालावे की ती 'नीट', म्हणजे काहीच न मिसळता प्यावी, यावर भांडणे होतात. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकी प्रतिकृतींवरून दाखवले की व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू अल्कोहोलचे प्रमाण उतरले की पृष्ठभागाकडे सरकतो, आणि ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात तो तिथेच बहुतांशी सापडतो. भारतीय व्हिस्कीची बाटलीच सहसा ४२.८ टक्क्यांची असते (जुन्या ब्रिटिश मोजणीत ७५ अंश प्रूफ), म्हणजे एवढे पाणी कारखान्यातच पडलेले असते. शिवाय आपल्याकडची बरीच स्वस्त व्हिस्की मळीच्या स्पिरिटवर आधारलेली असते आणि त्यामुळे युरोपीय संघात ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिच्यात सोडा घालणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

बियरच्या बाबतीत आपल्या गिऱ्हाइकाचा संशय मात्र उलट्या दिशेने चुकतो. ६५० मिलीची बाटली ओतताना वेटर ग्लास आडवा करतो आणि फेस दोन बोटांवर गेला की टेबलावरून 'फेस नको' असा आवाज येतो, जणू फेस म्हणजे कमी भरलेले माप. ग्लासातला फेस बियरचाच असतो, तो खाली बसला की पुन्हा बियरच होते. बार्लीतली प्रथिने आणि हॉपमधली कडू द्रव्ये कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. तेल लागले की हा फेस मरतो. मसाला शेंगदाणे आणि तळलेला पापड खाऊन त्याच बोटांनी ग्लासाचा काठ पकडणाऱ्याला दुसऱ्या ग्लासात फेस का धरत नाही याचे कोडे पडायला नको. वाइनचा हिशेब थोडक्यात सांगता येतो : १५० मिलीचा ग्लास, बाटलीत पाच.

पेग आणि नशा. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत सुमारे १०.१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. बऱ्याच देशांत 'प्रमाण पेय' १० ग्रॅमचेच धरतात, म्हणजे छोटा पेग हा योगायोगाने उत्तम मोजदाद-एकक ठरतो. त्याने मोजले की काही समजुती उलटतात. ५ टक्क्यांची ६५० मिली बियर म्हणजे अडीच छोटे पेग. ८ टक्क्यांची 'स्ट्राँग' बाटली म्हणजे चार पेगांहून किंचित जास्त. वाइनचा १३ टक्क्यांचा एक ग्लास दीड पेग. 'मी फक्त बियर घेतो, दोन बाटल्या' असे सांगणाऱ्याने स्ट्राँग घेतली असेल तर तो आठ पेगांवर आहे, आणि पलीकडे दोन लार्ज घेऊन बसलेला माणूस त्याच्या निम्म्यावर. गाडी कोणी चालवायची हे ठरवताना बाटल्या मोजल्या जातात, ग्रॅम नाही.

गोव्यात फेणीही पेगावारी मिळते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती तिथे बहुधा लिंबाच्या सोड्यात घेतात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. फेणीचा वास इतका उग्र की ती 'नीट' मागवणारा एकतर गावचा असतो किंवा पहिल्यांदाच आलेला. माप मात्र तेच, ३० आणि ६०, आणि ग्लासावर उलटे धरलेल्या मापातला शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबणारे डोळेही तेच.