परवडणारी घरे : निधीचे स्रोत (महाराष्ट्र)

बाजारभावाने न झेपणारे घर कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या आवाक्यात आणण्यासाठी उभा केलेला पैसा, तसेच पैशाऐवजी दिलेली जमीन, बांधकामाचा हक्क किंवा व्याजातील सूट, हे सारे परवडणाऱ्या घरांच्या निधीत मोडते. घर बांधून झाल्यावर तिथे राहणाऱ्याला लागणारी देखभाल आणि आधार यांचा खर्चही खरे तर त्यातच धरायला हवा. प्रत्यक्षात तो फारसा धरला जात नाही. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, हा पैसा सरकारी तिजोरीतून कमी आणि जमिनीच्या भावातून जास्त आला आहे.

सुरुवात मात्र कर आणि कर्जाने झाली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास विभाग निघाला आणि त्याने गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्यांची योजना आखली. त्यासाठी कर्जरोखे काढले गेले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या धंद्यासाठी माणसे शहरात आली, त्याच धंद्याने त्यांच्या छपराचा भार थोडा उचलावा, हा त्यामागचा हिशेब आजही पटण्यासारखा आहे. पण बांधकाम महाग पडले, आणि कामगाराला परवडेल अशा भाड्यात तो खर्च निघेना. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्यावर योजना आटोपली. वरळीतल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्याच पडून होत्या. विकास विभागाच्या याच ‘बीडीडी’ चाळींपैकी शिवडी सोडून बाकीच्यांचा पुनर्विकास आता म्हाडा ही राज्याची गृहनिर्माण संस्था करते आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर फुकट मिळते आणि खर्च त्याच जमिनीवर बांधलेल्या विक्रीच्या घरांतून काढायचा असतो. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गाठीने दिलेला पैसा आता वरळीच्या जमिनीने द्यायचा, एवढाच काय तो फरक.

स्वातंत्र्यानंतर मुंबई गृहनिर्माण मंडळ आले. १९५२ पासून केंद्राच्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेतून अनुदान आणि कर्ज मिळू लागले आणि त्यातून कामगार वसाहती उभ्या राहिल्या. १९७० मध्ये घरबांधणीला कर्ज देणारी केंद्राची हुडको आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली. दोन्हींकडून मिळणारा पैसा मुख्यतः कर्जाऊ, म्हणजे शेवटी कोणीतरी फेडायचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी गोठली, तेव्हा दुरुस्तीत मालकांना रस उरला नाही. १९६९ च्या कायद्याने या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा गिरगाव-लालबागच्या रोजच्या बोलण्यातला शब्द तिथूनच आला. १९७७ मध्ये राज्यातली गृहनिर्माण आणि दुरुस्ती मंडळे एकत्र करून म्हाडा निर्माण झाली. म्हाडाची सोडत प्रसिद्ध आहे. तिच्यामागचे परस्पर अनुदान तितके माहीत नसते. मध्यम आणि उच्च उत्पन्न गटाच्या घरांतून आणि भूखंडांच्या विक्रीतून सुटणारा नफा अत्यल्प उत्पन्न गटाच्या घरांकडे वळवायचा, अशी ती रीत आहे.

परदेशी पैशाचा प्रयोग एकदाच मोठ्या प्रमाणावर झाला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते. चारकोप-गोराई येथे घरे न बांधता रस्ते, पाणी, मलनिःसारण यांसह छोटे भूखंड देण्यात आले आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवत न्यावे असे ठरले. मुंबईतल्या सर्वांत यशस्वी वसाहतींत त्यांची गणना होते, तरीही ती वाट पुढे सोडून देण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटींचे अनुदान जाहीर केले आणि त्यातला मोठा वाटा धारावीला मिळाला.

१९९५ नंतर सगळा डाव चटई क्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे बोलीतल्या ‘एफएसआय’वर, आला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते हा निर्देशांक ठरवतो. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर मोफत मिळे; पुढे क्षेत्र वाढत ३०० पर्यंत गेले. सरकार रोख काहीच देत नाही. विकासक पुनर्वसनाची इमारत बांधतो आणि मोबदल्यात विक्रीसाठी जादा बांधकाम मिळवतो. सुरुवातीचे प्रमाण असे : पुनर्वसनाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे उपनगरात एक, शहर भागात पाऊण आणि धारावीत १.३३ चौरस मीटर. जागेवर न बसणारे बांधकाम टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसरीकडे विकता येते. कागदावर ही युक्ती बिनखर्चाची वाटते. पण जादा बांधकामाचा ताण रस्त्यांवर आणि पाण्यावर पडतो आणि तो खर्च कोणाच्याच हिशेबात येत नाही. शिवाय जिथे विक्रीचा भाव चढा तिथे योजना पळते. नाल्याकाठच्या, डोंगरउतारावरच्या वस्तीकडे विकासक फिरकत नाही, आणि गरज तर तिथेच अधिक. बाजार मंदावला की काम थांबते आणि त्यापाठोपाठ संक्रमण काळातले, म्हणजे नवे घर मिळेपर्यंतचे, भाडेही बंद होते. तेव्हा झोपडी पाडलेली कुटुंबे अधांतरी राहतात. म्हणूनच अलीकडे विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेण्याची अट आली.

केंद्राचे थेट अनुदान प्रधानमंत्री आवास योजनेतून येते. २०१५ च्या शहरी योजनेत सरकारी संस्था किंवा विकासकाच्या भागीदारीत बांधलेल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत. ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार मिळत. त्यात केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के. जोडीला रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, तर भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या राज्याच्या योजना आहेत. शहरी अनुदानाच्या अडीच लाखांत मुंबईत खोलीचा कोपराही येत नाही. गावात भिंती उभ्या राहतात. अनुदान सर्वांत उपयोगी पडते ते मधल्या शहरांत, जिथे जमीन स्वस्त असते आणि लोक संघटित असतात.

सोलापूर हे त्याचे ठळक उदाहरण. विडी कामगार स्त्रियांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली आधी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी केली. केंद्राने काही दिले, राज्याने काही दिले, उरलेले कामगारांनी स्वतः भरले. पुढे कुंभारी येथे विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची योजना झाली आणि तिच्यातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. विडी कामगारांच्या घरांना पूर्वी विडीवरच्याच उपकरातून कल्याण निधी मिळे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला.

गरिबांच्या स्वतःच्या बचतीला सरकारी हिशेबात जागा नसते. मुंबईत महिला मिलन या गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांच्या संघटनेच्या बायकांनी रोजच्या थोड्या थोड्या पैशांतून बचतगट उभे केले. स्पार्क ही संस्था आणि जॉकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्या सोबत होता. त्याच बळावर धारावीतल्या राजीव-इंदिरा सोसायटीने खासगी विकासकाऐवजी स्वतः पुनर्विकास हाती घेतला. बँकेचे कर्ज मिळाले तेही परदेशी संस्थेने हमी दिली तेव्हा.

भिंतींसाठी एवढे मार्ग निघाले, भिंतींच्या आतल्या जगण्यासाठी फार थोडे. पुनर्वसनाच्या इमारतीत देखभालीसाठी विकासकाने घरामागे २०,००० रुपये ठेव द्यावी असा जुना नियम होता. आठ टक्के व्याज धरले तरी महिन्याला साधारण १३३ रुपये होतात; त्यात लिफ्ट, पंप आणि पाणीपट्टी भागवायची. आजारी, वृद्ध, मनोरुग्ण किंवा बेघर माणसाला तर घराबरोबर माणूसही लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी आधारगृहांची तरतूद सांगितली, पण काळजीवाहूचा पगार कोणत्याही गृहयोजनेत बसत नाही. तो देणग्यांतून, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशातून किंवा गाडगे महाराजांच्या धर्मशाळांसारख्या धर्मादाय परंपरेतून निघतो. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांना २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून इमारतीशिवाय चालवण्याचाही खर्च मिळू लागला. तो पाच वर्षांपुरता होता. सहाव्या वर्षी रखवालदाराचा आणि स्वयंपाकिणीचा पगार नगरपालिकेच्या गळ्यात.