समस्यानिश्चिती (अभिकल्पपूर्व)

समस्यानिश्चिती : एखादी वस्तू, वास्तू, यंत्र, सेवा वा संगणक-प्रणाली यांचा आराखडा (अभिकल्प, म्हणजे डिझाइन) काढण्यापूर्वी नेमकी कोणती अडचण दूर करायची आहे, हे काम देणारा ग्राहक आणि ती वस्तू प्रत्यक्ष हाताळणारा वापरकर्ता यांच्याबरोबर बसून ठरविण्याची प्रक्रिया. ‘प्रश्नमांडणी’ असाही शब्द काही जण योजतात. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) बांधकाम, शेतीअवजारे आणि ठिबक-जोडणी या व्यवसायांत तिला वेगळे नाव नाही. ‘पार्टीशी बोलणे’, ‘जागा पाहणे’ आणि ‘माप घेणे’ या कामांत ती वाटली गेलेली असते. ग्राहक आणि वापरकर्ता एकच असेल तर ती सोपी. बहुधा ते एक नसतात आणि सगळी अडचण तेथून सुरू होते.

पूर्वपीठिका : संकल्पनेचा उगम कोठे धरावा याबद्दल मतभेद आहेत. वास्तुकलेच्या अभ्यासकांचा कल अमेरिकेतील टेक्ससमधल्या कॉडिल-रोलेट-स्कॉट या संस्थेकडे आहे. तेथील विल्यम पेन्या यांनी आराखड्याआधीचे काम वेगळे काढले आणि १९६९ मध्ये जॉन फॉके यांच्यासह त्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. उद्दिष्टे ठरविणे, माहिती जमविणे, कल्पना पारखणे, गरजा मोजणे व अखेरीस प्रश्न शब्दांत मांडणे, अशा तिच्या पाच पायऱ्या आहेत. प्रश्न शोधणे हे एक काम आणि प्रश्न सोडविणे हे दुसरे. पहिले झाल्यावर दुसऱ्यास हात घालावा, असे तिचे सूत्र.

अभिकल्प-पद्धतींचा अभ्यास करणाऱ्यांना हा उगम उशिराचा वाटतो. ते १९६२ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अभिकल्प-पद्धतींवर भरलेल्या परिषदेपासून आरंभ धरतात. याच सुमारास वास्तुविशारद क्रिस्टोफर अलेक्झांडर यांनी गुजरातमधील एका खेड्यात राहून गावाच्या १४१ गरजांची यादी केली आणि कोणती गरज कोणत्या गरजेला पूरक वा मारक ठरते हे गणिताने लावून पाहिले. हे काम १९६४ मध्ये ग्रंथात आले. भारतीय खेडे समोर ठेवून केलेल्या शिस्तबद्ध समस्यानिश्चितीचे हे आरंभीचे उदाहरण मानता येईल. मात्र यादी अभिकल्पकाने केलेली होती, गावाने बसून ठरविलेली नव्हती. पुढे १९७१ मध्ये अलेक्झांडर यांनीच पद्धतींच्या या मार्गाकडे पाठ फिरविली.

भारताच्या दृष्टीने याहूनही आधीचा टप्पा एप्रिल १९५८ चा आहे. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याचे उदाहरण घेतले होते. किती पाणी आणायचे, डोक्यावर की कमरेवर, हात केवढा, भरल्यावर तोल कसा, ओतताना धार कशी, आतून-बाहेरून साफ करता येईल का, असे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. लोटा कोणा एका कारागिराने घडविला नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घडविला, हे अहवालातील निरीक्षण पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

‘चिवट प्रश्न’ : प्रश्न आधी पूर्णपणे ठरविता येतो का, हा या क्षेत्रातील मुख्य वाद. जर्मनीतील उल्म येथे शिकविलेले आणि नंतर कॅलिफोर्नियातील बर्कलीस गेलेले होर्स्ट रिटेल यांचे उत्तर नकारार्थी होते. त्यांनी अशा प्रश्नांसाठी ‘विकेड’ हे विशेषण वापरले. ते छापील रूपात प्रथम १९६७ मध्ये सी. वेस्ट चर्चमन यांच्या एका संपादकीयात आले, तेही रिटेल यांच्या व्याख्यानाचा हवाला देऊन. सविस्तर मांडणी रिटेल व मेल्विन वेबर यांच्या १९७३ च्या लेखात आहे. त्यामुळे संज्ञेचे साल काही ठिकाणी १९६७, तर काही ठिकाणी १९७३ दिलेले आढळते. व्याख्यानातील वापर ध्यानात घेता पहिले अधिक सयुक्तिक दिसते. या शब्दाचे मराठीकरण ‘दुष्ट’ असे केल्यास अर्थ बिघडतो, कारण रिटेल यांना नैतिक दोष अभिप्रेत नव्हता. हाताला न लागणारा, एका बाजूने दाबला की दुसरीकडून वर येणारा, असा तो प्रश्न. म्हणून येथे ‘चिवट’ हा पर्याय घेतला आहे.

चिवट प्रश्नाची दहा लक्षणे त्या लेखात दिली आहेत. पहिले लक्षण येथे सर्वांत लागू पडते : अशा प्रश्नाची अंतिम मांडणी होऊ शकत नाही, कारण तो समजून घेण्यासाठी कोणती माहिती जमवायची हेच मुळी मनात कोणते उत्तर आहे त्यावर अवलंबून असते. प्रत्येक चिवट प्रश्न दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचे लक्षण मानता येतो, हेही त्यांपैकीच. पेन्या यांच्या पायऱ्या आणि रिटेल यांचा हा आक्षेप यांचा मेळ घालणे कठीण आहे. केस डॉर्स्ट व नायजेल क्रॉस यांनी नऊ अनुभवी अभिकल्पकांना डच रेल्वेच्या डब्यांतील कचऱ्याचा प्रश्न देऊन त्यांचे काम बारकाईने पाहिले आणि प्रश्न व उत्तर एकमेकांच्या बरोबरीने घडत जातात, असा निष्कर्ष २००१ मध्ये मांडला. तो रिटेल यांच्या बाजूला झुकतो. लहान, एका मालकाच्या कामात मात्र पेन्या यांची शिस्त आजही उपयोगी ठरते.

वापरकर्त्याला ठरविण्याच्या जागी बसविण्याचा आग्रह १९७० च्या दशकात नॉर्वेमध्ये संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी लोखंड व धातुकामगारांच्या संघटनेसह केलेल्या कामातून पुढे आला. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची दोन चौकटींची (‘डबल डायमंड’) आकृती, म्हणजे आधी प्रश्न व मग उत्तर, आणि प्रत्येकात आधी विस्तार व मग निवड, ही समस्यानिश्चितीची सुटसुटीत मांडणी. 

खानदेशातील स्वरूप : पांझरा, गिरणा, मोसम या नद्यांच्या खोऱ्यांतील फड पद्धती हे या विषयाशी निगडित जुने स्थानिक उदाहरण होय. ती साधारणतः तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्यांचे श्रेय मुसलमान राज्यकर्त्यांना देणारी परंपराही आहे. ती ग्राह्य धरल्यास आरंभ फारुकी राजवटीपर्यंत (१३८२–१६०१) मागे जातो. नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी वळवितात. बंधाऱ्याखालील भिजणारे क्षेत्र म्हणजे थळ आणि थळाचे सहसा चार भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड कोरडा ठेवायचा, हे लाभधारक शेतकरी बंधाऱ्यातले पाणी पाहून दरवर्षी मिळून ठरवितात. शेतकऱ्याची जमीन सहसा एकाहून अधिक फडांत असल्याने कोरड्या फडाचा भार एकाच घरावर पडत नाही. पाळी पाटकरी सांभाळतो, पिकाची राखण जागल्या करतो.

याला अभिकल्प म्हणणे काहींना ताणलेले वाटेल. परंतु बंधारा एकदाच बांधला गेला आणि ‘यंदाचा प्रश्न काय’ हे मात्र दरसाल नव्याने ठरले, ही गोष्ट रिटेल यांच्या म्हणण्याला जितकी जवळ जाते तितकी फार थोडी उदाहरणे जातात. शिवाय येथे ठरविणारे आणि वापरणारे एकच आहेत. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी व विजेचे पंप वाढले, तसे अनेक ठिकाणी पाण्याचे वेळापत्रक गावाच्या हातून गेले. पद्धती मागे पडण्याच्या कारणांत पाण्याच्या तुटीइतकेच हे कारणही धरले पाहिजे.

घरबांधणीत ग्राहक व वापरकर्ता यांतील भेद अधिक सहज दिसतो. जुने धाब्याचे घर लाकडी कड्यांवर काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर देऊन केलेले असते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जातो. तो थर दिवसाची उष्णता अडवितो आणि रात्री त्याच धाब्यावर खाटा पडतात. आता घराचा मालक ‘तीन खोल्या आणि स्लॅब’ एवढे सांगतो. अभिकल्पकाने तेवढेच लिहून घेतले तर माप बरोबर येते, घर मात्र तापते. घरातील बाईमाणसांना विचारले की वेगळीच कामे पुढे येतात : चैत्र-वैशाखात ज्वारीचे बिबडे, कुरडया, मिरची वाळत घालायची असते, आणि त्यासाठी ओल्या पिठाचे पातेले घेऊन दिवसातून कितीदा तरी जिना चढावा लागतो. पायरीची उंची, कठडा कोठे हवा, सावली केव्हा येते ही माहिती मालकाजवळ नसते. हे बोलणे ओट्यावर, मालकासमोर होत नाही. ते स्वयंपाकघरात होते, आणि त्यासाठी तिथवर जाण्याची परवानगी व वेळ लागतो.

रावेर-यावल भागातील केळीच्या बागांतही असेच आहे. अवजार किंवा गाडा मागतो तो बागायतदार; २०-२५ किलोचा घड खांद्यावरून सडकेपर्यंत आणतो तो कापणी टोळीतला मजूर. घडाला डाग पडू नये हा मालकाचा प्रश्न. मजुराचा प्रश्न ओल्या वाफ्यात पाय घसरू नये आणि ठिबकच्या नळीत अडकू नये हा. दोन्ही खरे आहेत आणि एकाच वस्तूने सुटायचे आहेत, हे आराखड्याआधी दोघांना एकत्र बसवूनच कळते.

भाषेचा मुद्दा येथे गौण नाही. परक्या माणसाने प्रमाण मराठीत विचारले की म्हाताऱ्या बायका ‘सगळं बरं आहे’ एवढ्यावर आवरते घेतात. अहिराणीत ‘काय जोयजे?’ (काय हवे?) विचारले तर वस्तूचे नाव मिळते, ‘काय अडस?’ (काय अडते?) विचारले तर कामाची हकीकत मिळते. समस्यानिश्चितीला हवी असते ती हकीकत.

लेखी मांडणी : ठरलेला प्रश्न एका पानात लिहावा आणि दोन्ही पक्षांना वाचून दाखवावा, असा प्रघात चांगल्या अभिकल्पकांत आहे. त्यात उत्तराचे नाव येऊ नये. ‘जिना रुंद करणे’ हे उत्तर झाले. ‘पातेले घेऊन चढताना तोल जातो’ हा प्रश्न झाला. काय करायचे नाही आणि खर्चाची मर्यादा काय, याही नोंदी त्याच पानावर असाव्यात. पहिला नमुना हाताळून झाल्यावर हे पान पुन्हा वाचावे व लागेल तसे बदलावे. बदलाची तारीख घातली तर पुढचे वाद टळतात.

वर सांगितलेला भाषेचा मुद्दा नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुडा भागात आणखी अवघड होतो, कारण तेथे भिली व पावरी बोलल्या जातात. तेथे बोलणे बहुतेकदा दुभाष्याच्या, म्हणजे शिक्षकाच्या किंवा आशा कार्यकर्तीच्या, मार्फत होते आणि वापरकर्त्याच्या शब्दांत दुभाष्याचा अंदाज मिसळतो. वस्तू हातात देऊन वापर पाहणे हा तेथे बोलण्यापेक्षा भरवशाचा मार्ग ठरतो.