पार्श्वभूमी: लुपस आणि हृदयाच्या धमन्या, सगळ्यात उशिरा लक्षात आलेलं दुखणं

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी किंवा खानापूर भागात पस्तिशीतली बाई छातीत दुखतंय म्हणाली, की घरचे आधी पित्त म्हणतात, मग गॅस म्हणतात आणि शेवटी टेन्शनवर येऊन थांबतात. अटॅक हा साठीच्या पुरुषांचा आजार, ही समजूत पक्की आहे. या वयातल्या बहुतेक बायकांबाबत ती खोटीही ठरत नाही. लुपस असलेल्या बाईबाबत मात्र ती महागात पडू शकते. लुपसच्या दर दहा रुग्णांमागे साधारण नऊ बायका असतात, आणि आजार बहुधा बाळंतपणाच्या वयातच सुरू होतो.

लुपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. सांधे धरतात, गालांवर लालसर चट्टा उठतो, केस गळतात, ताप येत-जात राहतो, पुढे मूत्रपिंडावर सूज येते. आपल्याकडे सांधे धरले की सगळ्यालाच ‘वात’ म्हणतात, त्यामुळे नेमकं निदान व्हायलाच वर्षं जातात. हृदयाकडे लक्ष जाणं ही त्याहून पुढची गोष्ट. पण यात फक्त आपल्या गावांना दोष देण्यात अर्थ नाही. वैद्यकशास्त्रालाही इथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

हा आजार बराच काळ त्वचेच्या डॉक्टरांच्या ताब्यात होता. पॅरिसच्या काझेनाव्ह यांनी 1851 मध्ये त्याला सध्याचं नाव दिलं. व्हिएन्नाचे कापोसी यांनी 1872 मध्ये लिहिलं की हा फक्त कातडीचा आजार नाही, सगळं शरीर यात सापडतं. 1895 पासून विल्यम ऑस्लर यांनी आतल्या अवयवांवरचे परिणाम नोंदवले. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स या डॉक्टरांना 1924 मध्ये हृदयाच्या झडपांवर वेगळ्याच प्रकारच्या गाठी दिसल्या. म्हणजे हृदय तपासलं जात होतं, पण झडपा आणि हृदयावरचं आवरण एवढंच. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, ज्यांना आपण करोनरी म्हणतो, त्या तपासण्याची वेळच येत नव्हती. धमनीत चरबीचे थर साचायला वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं रुग्ण जगतच नसत. 1955 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या रुग्णांचा हिशोब प्रसिद्ध झाला. निदानानंतर चार वर्षांनी निम्मेच रुग्ण हयात होते.

चित्र बदललं ते स्टेरॉइडमुळे. 1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीच्या रुग्णावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड वापरलं आणि 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. त्याच 1948 मध्ये, त्याच संस्थेत, हारग्रेव्ह्ज यांना लुपसची खूण असलेली ‘एलई सेल’ सापडली आणि रक्त तपासून निदान करण्याची सोय झाली. आजार लवकर ओळखू येऊ लागला, औषधही हाती आलं, रुग्ण जगू लागले. आणि जगल्यावर जे घडायचं ते घडू लागलं.

1975 मध्ये बल्कली आणि रॉबर्ट्स यांनी स्टेरॉइड घेतलेल्या 36 मृत रुग्णांची हृदयं तपासली. वर्षाहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलेल्या 19 जणांपैकी 8 जणांची किमान एक मोठी करोनरी धमनी निम्म्याहून जास्त अरुंद झालेली होती. ज्यांना वर्षापेक्षा कमी काळ औषध मिळालं होतं, अशा 17 जणांत तसं एकही सापडलं नाही.

खरं वळण आलं 1976 मध्ये, टोरांटोत. डॉ. मरे युरोविट्झ यांनी लुपसच्या 81 रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. त्यातले 11 दगावले आणि त्यांचे सरळ दोन गट पडले. सहा जण निदानानंतर वर्षभरातच गेले. त्यांचा आजार पेटलेला होता, बऱ्याच जणांना जंतुसंसर्ग होता. उरलेले पाच जण सरासरी साडेआठ वर्षांनी गेले. त्यांच्यातल्या चौघांचा लुपस तेव्हा शांत होता, पण पाचही जणांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. आकडे लहान आहेत, तरी माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण हेच. आजार शांत आहे म्हणजे धोका टळला, हा हिशोब त्याने मोडला.

पुढची वीस वर्षं दोष बहुतेक स्टेरॉइडच्या माथी मारला गेला. त्यात तथ्य आहेच: वजन, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे सगळं स्टेरॉइड वाढवतं. पण 1997 मध्ये सुझन मान्झी यांनी पिट्सबर्गमधल्या लुपस असलेल्या 498 बायकांची तुलना फ्रामिंगहॅम या गावच्या प्रसिद्ध हृदय-पाहणीतल्या बायकांशी केली, तेव्हा 35 ते 44 या वयात लुपसवाल्या बायकांना झटका येण्याचं प्रमाण 50 पटींहून जास्त निघालं. या वयात इतर बायकांना झटका क्वचितच येतो, म्हणून पट एवढी मोठी दिसते, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचावा. 2001 मध्ये माँट्रियलच्या एस्डेल यांनी बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, शुगर यांचा वाटा हिशोबातून वजा केला. तरीही करोनरी आजाराचा धोका साडेसात पट उरला. उरलेला धोका आजाराचा स्वतःचाच. सततची सूज धमनीचं आतलं अस्तर खराब करते, चांगलं म्हणवणारं कोलेस्टेरॉलही आपलं काम नीट करत नाही, आणि थर लवकर साचतात.

याला आणखी दोन पदर आहेत. 1983 मध्ये लंडनचे ग्रॅहम ह्यूज यांनी रक्त गोठवणाऱ्या अँटिबॉडींचा आजार मांडला. लुपसच्या बऱ्याच रुग्णांत या अँटिबॉडी असतात, आणि त्यांच्यामुळे थर नसलेल्या धमनीतही गुठळी होऊ शकते. दुसरा पदर बारीक रक्तवाहिन्यांचा. ॲन्जिओग्राफीत मोठ्या धमन्या साफ दिसतात आणि तरी छातीत दुखत राहतं. ‘ॲन्जिओ नॉर्मल आहे, काही नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या बाईला खरंच काही नसेल, असं धरून चालत नाही.

औषधांत सगळ्यात जुनी आणि स्वस्त गोळी मलेरियाच्या घराण्यातली आहे. क्विनाइन लुपसला 1894 मध्येच देऊन पाहिलं होतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 1955 पासून आहे. लुपस आटोक्यात ठेवणं, गुठळ्यांचा धोका कमी करणं आणि कोलेस्टेरॉल थोडं खाली आणणं, तिन्ही कामांत तिची मदत होते. दिवसाचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत आणि ठरलेल्या काळाने डोळ्यांची तपासणी, एवढं पथ्य. 2020 च्या मार्चमध्ये कोविडवर चालेल म्हणून तिच्यावर झुंबड उडाली, निर्यात बंद करावी लागली, आणि रोजची गोळी घेणाऱ्या लुपसच्या रुग्णांवरच दुकानं पालथी घालायची पाळी आली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीने मात्र निराशा केली. 2011 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दोन वर्षं ॲटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन देऊनही करोनरीतलं कॅल्शियम, म्हणजे थर साचत असल्याची खूण, वाढणं थांबलं नाही. त्यामुळे आज ती कोलेस्टेरॉल बघून देतात, लुपस आहे म्हणून सरसकट नाही. बीपी मात्र 130/80 च्या खाली ठेवा, असं युरोपातल्या तज्ज्ञांनी 2022 मध्ये सांगितलं.

आता आपल्या भागाकडे. धोका मोजायचे तक्ते फ्रामिंगहॅमसारख्या पाहणीतून आले, आणि त्यांच्यात प्रश्न असतो सिगारेटचा. निपाणी हे तंबाखूचं गाव, आणि या पट्ट्यात मिश्री लावणाऱ्या बायका कमी नाहीत. ‘सिगारेट-बिडी?’ असं विचारलं की ती ‘नाही’ म्हणते, आणि ते खरंच असतं. मिश्रीचं कुणी विचारत नाही, कागदावर तंबाखू येत नाही.

दुसरी अडचण फायलींची. चट्ट्यासाठी बेळगाव, मूत्रपिंडासाठी कोल्हापूर, हृदयासाठी मिरज, शिवाय गावातल्या डॉक्टरची वाताची गोळी, जिच्यात स्टेरॉइड आहे हे रुग्णाला ठाऊक नसतं. कागद कधी इंग्रजी, कधी कन्नड, कधी मराठी. कातडीचा डॉक्टर वेगळा आणि हृदयाचा वेगळा, ही जी फारकत इतिहासात होती, ती इथे दोन राज्यांत विभागून अजून चालू आहे.

कर्नाटकातल्या तालुका रुग्णालयांत आता पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या योजनेखाली ईसीजी काढून, मोठा झटका दिसला तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत देण्याची सोय केली आहे. लुपसच्या रुग्णाने तिथे पोहोचताच आजाराचं नाव सांगावं, आणि ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट कमी असतील, तर इंजेक्शनच्या आधीच सांगावं, कारण तेव्हा रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना थेट ॲन्जिओप्लास्टीसाठी पुढे पाठवण्याचा विचार करावा लागतो.