टाकीत पेट्रोल, तरी इंजिन गप्प

जून २०२५ मध्ये होटगी रोडवरून गोव्याचे विमान उडू लागले आणि सोलापुरातल्या विमानगप्पा साखर कारखान्याच्या, विमानांना अडसर ठरलेल्या चिमणीच्या पुढे सरकल्या. मात्र ते विमान रॉकेलच्या जातीचे इंधन जाळते. सेस्ना, पायपरसारख्या छोट्या खासगी विमानांत बहुधा पिस्टनचे इंजिन, निळे शिसेयुक्त पेट्रोल आणि पंखांत टाक्या.

लिंडबर्गच्या १९२७ च्या न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाणात पाच टाक्यांत सुमारे ४५० गॅलन पेट्रोल होते आणि हिशेब पॅनेलवरच्या पेन्सिलीच्या रेघांत. जेआरडी टाटांच्या १९३२ च्या कराची-मुंबई टपाल विमानाला अहमदाबादेत बैलगाडीने पेट्रोल आले!

खरा घोळ ‘इंधन संपले’ या शब्दांचा. टाक्या कोरड्या पडणे वेगळे, टाकीत असलेले इंधन इंजिनापर्यंत न पोहोचणे वेगळे. बातमीत दोन्हींना एकच मथळा. बजाजच्या स्कूटरवर वाढलेल्याला वाटते, कॉक रिझर्व्हवर फिरवला की काम झाले. इथे रिझर्व्ह म्हणजे वेळ: बाहेर नजरेने पाहत केलेल्या उड्डाणाला दिवसा ३०, रात्री ४५ मिनिटांचे जादा इंधन. कॉक आहे, पण तो टाकी निवडायचा.

पंख वर असलेल्या सेस्ना १७२ मध्ये पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येते, कॉक ‘दोन्ही’वर ठेवता येतो. पंख खाली असलेल्या पायपरमध्ये डावी किंवा उजवी, एकच. इथे पेट्रोल वर ओढायला पंप लागतो; तो दोन्हींतून ओढू लागला आणि एक टाकी आधी रिकामी झाली, तर तो तिथून हवाच ओढेल. युक्तिवाद मला पटतो. पण टाकी बदलायची आठवण घड्याळावर आणि माणसावर सोडली, हेही त्याच निर्णयात येते. विसरला की एक टाकी कोरडी, दुसरी भरलेली, आणि इंजिन खोकायला लागते. मग अहवालात ‘वैमानिकाची चूक’ लिहून मोकळे होतात.

इंधन दाखवणाऱ्या काट्याचेही तसेच. वापरण्याजोगे इंधन संपले की काट्याने शून्य दाखवावे, हा अमेरिकी नियम. त्याचा ‘काटा शून्यावरच खरा’ असा सोयीचा अर्थ लावला गेला. १७२ च्या अलीकडच्या मॉडेलात ५६ गॅलन मावते, वापरता येते ५३; म्हणजे तळाशी तीन गॅलन असतानाच काटा शून्यावर यायला हवा.

आता किती इंधन जळतेय ते स्क्रीनवर दिसते. तरी उड्डाणाआधी टाकीत पट्टी बुडवतात, तळाचा नळ दाबून पारदर्शक पेल्यात थोडे पेट्रोल काढतात. पाणी शिरले असेल तर खाली बिनरंगी थर, वर निळे.