रिमोट शटर रिलीज

ट्रायपॉडवर बसवलेल्या कॅमेऱ्याचे शटर (फोटो काढताना उघडून उजेड आत घेणारा पडदा), त्याच्या बटणाला बोट न लावता उघडण्याचे साधन. तारेचे, इन्फ्रारेड, रेडिओ आणि ब्लूटूथ असे त्याचे प्रकार आहेत. बोलण्यात या सगळ्यांनाच ‘रिमोट’ म्हणतात. तारेच्या रिमोटला जुन्या सवयीने ‘केबल’ असेही म्हटले जाते. कोकण किनाऱ्यावर संध्याकाळी आणि रात्री काढायच्या बहुतेक छायाचित्रांना काही शे रुपयांत मिळणारा, बॅटरी नसलेला तारेचा रिमोट पुरतो. म्हणून या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

रिमोट कशासाठी

बोटाच्या दाबाने कॅमेरा किंचित खाली झुकतो आणि सावरताना थरथरतो. ही थरथर साधारण १/३० सेकंद ते १ सेकंद या शटरवेगांत सर्वांत जास्त दिसते. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत, समुद्र आणि आभाळ दोन्ही जांभळट होतात तेव्हा, नेमके हेच वेग लागतात. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे असताना) सुरुवातीच्या अर्ध्या सेकंदाचा हिस्सा अगदी थोडा असल्याने तिथे थरथर सहसा उमटत नाही. पण त्याहून जास्त वेळ हवा असेल तर कॅमेरा ‘बल्ब’वर ठेवावा लागतो, आणि बल्बमध्ये बटण दाबलेले असेपर्यंतच शटर उघडे राहते. तिथे रिमोटची खिटी, म्हणजे बटण दाबलेलेच अडकवून ठेवण्याची सोय, कामी येते. (‘बल्ब’ हे नाव विजेच्या दिव्यावरून आलेले नाही. जुन्या कॅमेऱ्यांचे शटर रबरी फुगा दाबून हवेच्या दाबाने उघडत. फुगा दाबलेला असेपर्यंत शटर उघडे राही.)

दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर फुकट असताना रिमोट कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सुवर्णदुर्ग हर्णैच्या किनाऱ्यावरून टिपायचा असेल किंवा देऊळ, होडी, दीपगृह असा स्थिर विषय असेल, तर टायमर पुरतो. लाटेला मात्र तो पुरत नाही. फुटलेली लाट खडकावरून परतताना पाण्याच्या पांढऱ्या रेघा उठतात. त्या १/४ ते १ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये उत्तम येतात, पण शटर परतीच्या पहिल्या क्षणालाच उघडले पाहिजे. दोन सेकंद थांबले की रेघा विरून नुसता फेस उरतो. किनाऱ्यावर रिमोटचा खरा उपयोग हा आहे : हात कॅमेऱ्यापासून दूर राहतो आणि क्षण हातात राहतो.

रचना

यांत्रिक केबल म्हणजे लवचिक नळीत सरकणारी तार. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेल्या, सायकलच्या ब्रेकमुळे परिचित झालेल्या तारेचाच हा वापर. तिचे निमुळते आटे शटरबटणाच्या मधल्या भोकात बसतात. फुजीफिल्मच्या एक्स-टी मालिकेतील अनेक कॅमेऱ्यांत आणि निकॉन डीएफमध्ये ती आजही बसते.

विजेवरचा तारेचा रिमोट याहून सोपा आहे. आत तांब्या-पितळेच्या तीन पातळ पट्ट्या असतात. बटण अर्धे दाबले की पहिली दुसरीला टेकते आणि कॅमेरा जागा होऊन फोकस शोधतो. पूर्ण दाबले की तिसरीही टेकते आणि शटर उघडते. कॅननच्या छोट्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या २.५ मिमी पिनेत टोक शटरचे, मधले कडे फोकसचे आणि बुडाचा भाग सामाईक असतो. बटण दाबून पुढे सरकवले की ते खिटीत अडकते. एवढ्या यंत्रणेत महागड्या रिमोटने फारसा फरक पडत नाही. फरक दिसतो तो तारेच्या वेष्टनात आणि पिनेच्या घट्टपणात.

खरेदीत चूक होते ती कॅमेऱ्यात पिन बसवायच्या खाचेची. कॅननच्या लहान-मध्यम कॅमेऱ्यांना ई३ म्हणजे २.५ मिमी पिन लागते, तर ५डी, ६डी, ७डी या मालिकांना तीन टोकांची एन३. निकॉनच्या डी५००० आणि डी७००० मालिकांना डीसी२, डी५०० आणि डी८५० यांना गोल दहा टोकांची. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांना मल्टी टर्मिनल लागते. पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांना कॅननचा ई३ रिमोट चालतो. पॅनासॉनिकच्या अनेक कॅमेऱ्यांची पिनही २.५ मिमीचीच, पण चार भागांची आणि वेगवेगळ्या रोधांवर चालणारी. तिथे कॅननचा रिमोट खाचेत बसतो, काम करत नाही. म्हणून दुकानात कंपनीचे नाव पुरेसे नाही, मॉडेलचे पूर्ण नाव सांगावे.

इन्फ्रारेड रिमोट सर्वांत हलका, पण त्याचे किरण टिपणारा ग्राहक (सेन्सर) बहुधा कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस असतो आणि छायाचित्रकार उभा असतो मागे. भर उन्हात पल्लाही घटतो. तळहात कॅमेऱ्यापुढे धरून किरण परतवण्याची युक्ती चालते; वाऱ्यापावसात ती जिकिरीची होते. नव्या अनेक मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत हा ग्राहकच नसतो. मोबाइलसाठी मिळणारे ब्लूटूथ बटण फोनला आवाज कमी-जास्त करणारी कळ म्हणून ओळख देते आणि कॅमेरा ॲप त्या कळेवर फोटो काढते. बऱ्याच फोनमध्ये तारेच्या इअरफोनचे आवाजाचे बटणही हेच काम करते, त्यासाठी वेगळा खर्च नको.

किनाऱ्यावरील वापर

आधी भरती-ओहोटी पाहावी. कोकणातला जुना ठोकताळा असा : तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. यावरून पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी सापडते. हे दिवस उधाणाचे असल्याने पाणी खूप आत जाते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सूर्यास्ताला असते. पण उधाणाची ओहोटी संपली की पाणी तितक्याच वेगाने चढते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाता येते, तिथे अंधार पडेपर्यंत थांबणे म्हणजे परतीची वाट गमावणे. ठोकताळ्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. पाण्याजवळ उतरायचे असेल तर छापील वेळापत्रकच पाहावे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गासारख्या कातळांवर लाट कधीही चढते. तिथे पावसाळ्यात ट्रायपॉड लावूच नये.

पुळणीवर ओल्या वाळूत ट्रायपॉड उभा करून लगेच रिमोट दाबला तर फोटो हलतो, आणि दोष रिमोटला दिला जातो. परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि पाय एकेक मिलिमीटर खाली बसत राहतात. पाय हाताने दाबून वितभर रोवावेत, एक-दोन लाटा जाऊ द्याव्यात, मग चौकट जुळवावी. कोरड्या भुसभुशीत वाळूत प्रत्येक पायाखाली जांभ्याची चपटी खापरी ठेवली की पुरे. मधला दांडा वर काढू नये. दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यात लोंबती तार ट्रायपॉडच्या पायावर आपटत राहते आणि जी थरथर टाळायची तीच परत येते. म्हणून तारेला सैल वेढा देऊन ती रबरबँडने पायाला बांधावी. खाचेवर ओढही पडत नाही.

लेन्समधील स्थिरीकरण बंद करावे. फोकस एकदा क्षितिजावर किंवा खडकावर घेऊन मॅन्युअलवर टाकावा. ‘रिमोट चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते : अंधारात फोकस सापडत नाही, आणि फोकस सापडल्याशिवाय कॅमेरा शटर उघडत नाही. डीएसएलआरमध्ये आरसा उचलण्याचाही धक्का बसतो. आरसा आधी उचलण्याची सोय सुरू केली की रिमोटचा पहिला दाब आरसा उचलतो आणि दुसरा शटर उघडतो. मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र पाहताना, आरसा आधीच वर असतो. डोळा व्ह्यूफाइंडरपासून दूर असल्याने मागून शिरलेला उजेड मोजणीत मिसळतो आणि ऑटो एक्स्पोजर चुकते. कॅननच्या गळ्यात घालायच्या अनेक पट्ट्यांवर त्यासाठी रबरी झाकण ओवलेले असते. नसेल तर व्ह्यूफाइंडर टोपीने झाकावा.

दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) लावून समुद्र धुक्यासारखा करायचा असेल तर हिशेब सोपा आहे. फिल्टरशिवाय एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता) ला १/३० सेकंद येत असेल, तर फिल्टरनंतर वेळ सुमारे हजारपट, म्हणजे ३४ सेकंद. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ३० सेकंदांची असल्याने बल्ब, खिटी आणि घड्याळ. मावळतीला उजेड भराभर उतरतो, म्हणून दर फोटोला मोजणी नव्याने करावी. सहा स्टॉपच्या फिल्टरला तोच वेळ दोन सेकंद होतो, आणि लाटांचा आकार टिकवायचा असेल तर तोच जास्त उपयोगी.

ताऱ्यांच्या रेषांसाठी कॅमेरा सलग मोडवर, शटर ३० सेकंद आणि रिमोट खिटीत. तासाभरात सुमारे १२० चौकटी मिळतात, त्या नंतर एकत्र करायच्या. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवे. नाहीतर प्रत्येक चौकटीनंतर कॅमेरा तितकाच वेळ काळी चौकट घेतो आणि रेषा तुटक होतात. कोकणातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १६ ते १९ अंशच वर असतो, त्यामुळे वर्तुळांचा मध्य माडांच्या शेंड्यांत दडू शकतो. जागा दिवसाच पाहून ठेवावी. पावसाच्या तोंडावर काजव्यांसाठी हीच पद्धत, २० ते ३० सेकंदांच्या चौकटींनी. वळवाच्या विजाही अशाच सापडतात, मात्र घराच्या आत थांबून. उघड्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या माळावर) किंवा पुळणीवर धातूच्या ट्रायपॉडजवळ थांबू नये.

रत्नागिरी-राजापूरकडील सड्यांवरची कातळशिल्पे हा रिमोटसाठी फार चांगला विषय आहे. जांभ्यातली खोदाई उथळ असल्याने दुपारच्या उन्हात ती जवळजवळ दिसत नाही. रात्री कॅमेरा बल्बवर, एफ/८, शटर खिटीत अडकवावे आणि विजेरी जमिनीलगत आडवी धरून २०-३० सेकंद एका बाजूने फिरवावी. खाचांत सावली भरते आणि आकृती उठून येते. एकटा माणूसही हे करू शकतो, कारण खिटीमुळे दोन्ही हात मोकळे राहतात. आकृती उठावी म्हणून खडू किंवा पीठ भरू नये, ट्रायपॉडचे पाय खोदाईबाहेरच ठेवावेत.

बिघाड आणि निगा

किनाऱ्यावर रिमोट सहसा पिनेपाशी मरतो. खारट दमटपणाने पिनेवर हिरवट थर चढतो, किंवा खारे पाणी कड्यांमधून वीज वाहू देते आणि कॅमेरा अर्धे बटण दाबल्यासारखा जागा राहून बॅटरी संपवतो. खाचेचे रबरी झाकण मध्ये आल्यामुळे पिन अर्धवट बसणे हाही नेहमीचा प्रकार. तेव्हा फोकस होतो, फोटो निघत नाही. ‘टच’ आवाज येईपर्यंत पिन दाबावी. कॅननमध्ये शेजारची मोठी खाच मायक्रोफोनची असते, तिथे २.५ मिमी पिन सैल बसते.

रिमोट बिघडला की कॅमेरा, हे मल्टिमीटरने कळते; तो जोडणी असली की आवाज करण्याच्या मोडवर ठेवावा. अर्धे बटण दाबल्यावर बुड आणि मधले कडे यांत, पूर्ण दाबल्यावर बुड आणि टोक यांत आवाज आला पाहिजे. न दाबता आवाज आला तर आत ओल किंवा वाळू आहे. स्क्रू काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की रिमोट बहुधा पुन्हा चालतो. इन्फ्रारेड रिमोटची परीक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून होते : बटण दाबल्यावर टोकाशी जांभळा ठिपका दिसला तर तो जिवंत आहे. तो दिसूनही फोटो निघत नसेल तर कॅमेऱ्याचा ड्राइव्ह मोड (एकेक, सलग, रिमोट यांतून निवडायची सोय) पाहावा. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत रिमोटची वाट पाहण्याची मुदत मिनिटाभरात संपते.

किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पिन पुसावी. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवावेत, उभे वाळवावेत. रिमोट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा, आणि तो कॅमेऱ्यात अडकवून पिशवीत कधीही ठेवू नये : पिशवीत तारेवर ताण आला की आधी वाकते ती कॅमेऱ्याची खाच, आणि तिची दुरुस्ती कित्येक नवे रिमोट येतील एवढी महाग पडते.