पडद्यावरच्या तपास अधिकाऱ्याचा चेहरा : दाढी, भांग आणि प्रेक्षकाचा भरवसा

मराठीत गुन्हेतपासाच्या मालिका पुन्हा येऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी तक्रारही परत आली आहे. कथा बरी आहे, संवाद चांगले आहेत, पण इन्स्पेक्टर काही खरा वाटत नाही. का, म्हणून विचारलं तर लोक अभिनयाबद्दल फारसं बोलत नाहीत, केसांबद्दल बोलतात. माणूस दोन रात्री जागलाय आणि भांग जागचा हललेला नाही. खाडीच्या चिखलातून प्रेत बाहेर काढलं आणि बूट चकचकीत.

ठाणे शहरात ही तक्रार जरा जास्त ऐकू येते, आणि त्याला कारणं आहेत. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांचे सेट लागतात, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणीतरी रंगभूषेत, प्रकाशयोजनेत किंवा प्रॉडक्शनमध्ये असतंच. दुसरीकडे वर्तकनगरसारख्या पोलीस वसाहती आहेत, आणि मुंबई पोलिसांत नोकरी करून ठाणे, कळवा, कळंबोलीत राहणारी कितीतरी कुटुंबं आहेत. सकाळच्या लोकलमध्ये खाली खाकी पँट आणि वर साधा चौकड्याचा शर्ट घातलेला माणूस दिसला की तो ड्यूटीवर निघालाय हे कुणाला सांगावं लागत नाही. ज्या प्रेक्षकाने खरा नमुना रोज पाहिलाय, त्याच्यापुढे नकली उभा करणं अवघड असतं.

माझं म्हणणं असं आहे, की प्रेक्षकाला तपास अधिकारी देखणा हवा असतो असं नाही, आणि गबाळा हवा असतो असंही नाही. तपासाला किती वेळ लागला हे कथा सांगत असते, आणि तेवढा वेळ त्या चेहऱ्यावरून गेलाय का, हे तो पाहत असतो. हे पाहण्याची सवय त्याला कशी लागली आणि मालिकांनी ती कधी पाळली, कधी मोडली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मराठी वाचकाचा पहिला गुप्तहेर कागदावर होता. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि धनंजय, झुंजार, काळापहाड ही मंडळी वाचनालयांमधून घरोघर पोचली. त्या जगात वेषांतर हा हुकमी डाव होता, आणि त्याला खर्च शून्य. लेखकाने ‘कुणीही ओळखू शकलं नाही’ असं लिहिलं की संपलं. वाक्यात चिकटवलेली मिशी कधी सुटत नाही. शेरलॉक होम्सची ती दोन टोकांची टोपीसुद्धा मुळात चित्रकार सिडनी पॅजेटची देणगी आहे. १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकातल्या चित्रांत त्याने ती होम्सच्या डोक्यावर चढवली आणि लोकांनी ती कायमची ठेवून घेतली. गुप्तहेराचं दिसणं लेखकाच्या हातून निसटून दुसऱ्याच्या हातात जातं, याचं हे फार लवकरचं उदाहरण.

रंगभूमीवर हिशोब वेगळा. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आलं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एकाच आरोपीची वेगवेगळी सोंगं उभी करत: कधी लखोबा लोखंडे, कधी दिवाकर दातार, कधी राधेश्याम महाराज. तिथे वेष बदलणारा आरोपी होता, तपास करणारा नव्हे, तरी मराठी प्रेक्षकाची चेहरा वाचण्याची शाळा तिथेच भरली असं मला वाटतं. नट तोच आहे हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि पाहायचं ते हे, की टोपी-मिशीपलीकडे चाल आणि बोली बदलली का. पण नाटकात अंतर मदतीला असतं. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसलेल्या माणसाला मिशीची कड दिसत नाही. दूरचित्रवाणीने हे अंतर काढून घेतलं आणि चेहरा दिवाणखान्यात, हाताच्या अंतरावर आणून ठेवला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ऐंशीच्या दशकात तिथे ‘एक शून्य शून्य’ आली. नाव पोलीस नियंत्रण कक्षाच्या १०० या क्रमांकावरून घेतलेलं, गोष्टी खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या. बी. पी. सिंग यांच्या या मालिकेत शिवाजी साटम होते. ते बँकेत नोकरी केलेले, नाटकातून आलेले नट. आखूड केस, नीट पाडलेला भांग, साधा शर्ट. काउंटरपलीकडे बसून तुमच्या अर्जातली चूक दाखवेल असा चेहरा, आणि तपास अधिकारी असाच असावा असं पटायचं. पोलीस ठाण्यातलं बहुतेक काम कागदाचं असतं. पंचनामा, जबाब, स्टेशन डायरी. हे काम करणाऱ्या माणसाचा चेहरा साटमांकडे आधीपासूनच होता, तो रंगभूषेने आणावा लागला नाही.

त्यानंतरच्या ‘हॅलो इन्स्पेक्टर’मधले रमेश भाटकर मात्र सरळसरळ देखणे. तरी तेही पटले. याचा विचार केला पाहिजे, कारण ‘नट देखणा आहे म्हणून खोटा वाटतो’ हे सोपं उत्तर इथेच गळून पडतं. भाटकरांचा नीटनेटकेपणा गणवेशाच्या शिस्तीशी जुळत होता. कडक इस्त्री आणि गुळगुळीत दाढी ही त्या पात्राची नोकरी होती, नटाची हौस नव्हती.

हिंदीत याच काळात खासगी गुप्तहेरांनी वेगळा रस्ता धरला. १९८५च्या ‘करमचंद’मध्ये पंकज कपूर यांच्या हातात गाजर आणि डोळ्यांवर काळा चष्मा. मुलं शाळेत त्याची नक्कल करत. वस्तू लक्षात राहते, पण वस्तूवर उभा केलेला माणूस तपासाने थकत नाही. अमेरिकी मालिकेतला पोलीस अधिकारी कोलंबो याचा रेनकोट हा याला मोठा अपवाद. तो ही भूमिका करणाऱ्या पीटर फॉकचा स्वतःचा कोट होता, आणि कोटाच्या सुरकुत्यांमुळे श्रीमंत खुनी कोलंबोला कमी लेखत, म्हणजे कोटसुद्धा तपासात भाग घेत होता. आपल्याकडे त्या जातीचं काम केलं ते १९९३च्या ‘ब्योमकेश बक्षी’ने. बासू चटर्जींनी रजित कपूर यांना धोतर-कुडत्यात ठेवलं. विस्कटलेपण नाही, झगमगाटही नाही. कलकत्त्याच्या गर्दीत मिसळून जाणारा सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. गुप्तहेराला याहून उपयोगी वेष कोणता?

२१ जानेवारी १९९८ रोजी ‘सी.आय.डी.’ सुरू झाली, पुन्हा बी. पी. सिंग आणि पुन्हा साटम. वास्तवाच्या कसोटीवर तिच्यात खोट काढायला भरपूर जागा आहे. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि मुंबईच्या उकाड्यात कोट-जॅकेट घालून धावणारं पथक कुणी पाहिलेलं नाही. तरी २०१८पर्यंत ती चालली आणि डिसेंबर २०२४मध्ये परतही आली. साटमांचा एसीपी प्रद्युम्न हा माणूस प्रेक्षकांनी पन्नाशीच्या अलीकडे पाहिला आणि सत्तरीच्या जवळ जाईपर्यंत पाहिला. चेहऱ्यावरून काळ गेलेला दिसायला हवा, ही अट इथे एका प्रकरणापुरती नाही, वीस वर्षांच्या मापात पूर्ण झाली. याच मालिकेचा नोव्हेंबर २००४मधला एक भाग १११ मिनिटांच्या एका सलग शॉटमध्ये चित्रित केलेला होता. विक्रम म्हणून त्याचं कौतुक झालं, पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सलग शॉटमध्ये टचअपला जागा नसते. घाम आला तर आला, केस विस्कटले तर विस्कटले.

इतर वेळी काय होतं ते समजून घ्यायला रोजच्या मालिकेचं कामकाज पाहावं लागतं. एका ठिकाणचे सगळे सीन एकदम उरकले जातात, मग ते वेगवेगळ्या भागांतले का असेनात. सकाळी खुनाच्या दिवशीची चौकशी, दुपारी आठवड्यानंतरची अटक, संध्याकाळी पुन्हा पहिला दिवस. अशा वेळी दाढी खरोखर वाढू दिली तर कंटिन्युइटी, म्हणजे एका सीनमधलं दिसणं पुढच्या सीनशी जुळतं ठेवणं, सांभाळणाऱ्याचं डोकं फिरेल. म्हणून सुरक्षित तोडगा निघतो: ट्रिमर एका ठरावीक नंबरवर लावायचा आणि ‘तीन दिवसांची दाढी’ महिनोन्‌महिने तीनच दिवसांची ठेवायची. केसांवर स्प्रे, चेहऱ्यावर एकसारखा बेस. आळशीपणाचा आरोप इथे अन्यायाचा ठरेल, कारण रोज एक भाग देण्याच्या वेळापत्रकातून हे आलंय. पण परिणाम तोच होतो. दाढी वाढत नाही, राखली जाते, आणि प्रेक्षकाला ते कळतं. त्यात एचडी पडदे आले. साध्या टीव्हीवर लपलेली विगची जाळी आणि स्पिरिट गमने चिकटवलेल्या मिशीची कड आता स्पष्ट दिसते. रंगभूषाकाराचं काम अवघड झालं, वेळ मात्र वाढवून मिळाला नाही.

मूळ घोटाळा ‘रफ’ म्हणजे ‘खरा’ या समजुतीत आहे. ही खुरटी दाढी पोलिसांकडून आलेली नाही. १९८४च्या ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकी मालिकेत डॉन जॉन्सनने ती ठेवली, तिची फॅशन झाली, आणि फिरत फिरत ती आपल्या इन्स्पेक्टरच्या गालावर येऊन बसली. आपल्या पोलीस दलात गुळगुळीत दाढी आणि आखूड केस ही शिस्तीची बाब आहे. राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाच्या दाढीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, इतकी ती गंभीर बाब. साध्या वेशात फिरणाऱ्या गुन्हे शाखेच्या माणसांना मोकळीक असते, पण तिथेही हेतू गर्दीत मिसळण्याचा असतो. बाहेर सोडलेला शर्ट, स्पोर्ट शूज, मोटारसायकल. लेदर जॅकेट घालून जांभळी नाक्यावर पाळत ठेवली तर पहिला भाजीवालाच ओळखेल.

स्त्री अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही चूक अधिक बोचते. १९८९च्या ‘उडान’मध्ये कविता चौधरी यांनी कल्याणी सिंग उभी केली, तीही स्वतः लिहून आणि दिग्दर्शित करून. तिच्यामागे त्यांची बहीण, आयपीएस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य, यांचं आयुष्य होतं. त्या गणवेशात सजावट शोधूनही सापडत नव्हती, आणि पुष्कळ मुलींना पोलिसात जावंसं वाटलं ते तिच्याकडे पाहून. मराठीत २०१४ साली झी मराठीवर ‘अस्मिता’ आली. मयूरी वाघ यांची खासगी गुप्तहेर मध्यमवर्गीय घरातली होती, आणि तेच तिचं बळ होतं. पण एकूण मालिकांमध्ये घटनास्थळी मोकळे केस सोडून वाकणारी अधिकारी अजून दिसते. हे नुसतं सौंदर्याचं प्रकरण नाही. गळलेला एक केस कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाणाऱ्या पुराव्यात मिसळू शकतो. खऱ्या महिला पोलीस अंबाडा बांधतात, त्यावर जाळी लावतात, आणि सोळा तासांच्या बंदोबस्तानंतर त्या जाळीतून बटा सुटलेल्या असतात. या सुटलेल्या बटांइतकं खरं रंगभूषेच्या पेटीत काही नाही. ‘दिल्ली क्राइम’मधल्या शेफाली शाह यांच्या चेहऱ्यावर हे जागरण आहे: बांधलेले केस, सुजलेले डोळे, सहा दिवसांच्या तपासाचा ताण. त्या मालिकेला २०२० साली आंतरराष्ट्रीय एमी मिळाला, त्यात या चेहऱ्याचा वाटा मोठा होता असं मी मानतो.

ओटीटीने वेळ दिला, हे तिचं खरं योगदान. आठ-दहा भाग एकत्र चित्रित होतात, नटाला वजन वाढवायला सवड मिळते. ‘पाताल लोक’मधल्या जयदीप अहलावत यांचं सुटलेलं पोट हे एका बाजूला पडलेल्या इन्स्पेक्टरच्या वर्षांचं मोजमाप आहे. मराठीत २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ आली. आशुतोष गोवारीकर यांनी तिच्यात रमाकांत कुलकर्णी यांची भूमिका केली. परभणी जिल्ह्यातल्या १९७०च्या दशकातल्या हत्यांचा छडा लावणारा हा खरा अधिकारी. १९६८च्या रमण राघव प्रकरणाचा तपासही त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता. त्यात उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांना संशय आला तो एका ओल्या छत्रीमुळे, कारण त्या भागात पाऊस पडलेला नव्हता. खरा तपास अधिकारी समोरच्याच्या अंगावरचा काळ आणि हवामान वाचतो, आणि प्रेक्षक तेच त्या अधिकाऱ्याच्या अंगावर वाचत असतो.

आता पुढचा नमुना नवी मुंबईत तयार होतोय. राज्याच्या सायबर विभागाचं मुख्यालय महापे इथे आहे, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर येणाऱ्या तक्रारींमध्ये निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी गेलेली असते, आणि पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचा असतो. हा तपास करणारा अधिकारी चिखलात उतरत नाही, धावत नाही, उन्हात रापत नाही. तो वातानुकूलित खोलीत तासन्‌तास पडद्यासमोर बसतो, बँकेच्या अधिकाऱ्याला फोनवर धरून ठेवतो आणि त्याच हेडफोनवर एका रडणाऱ्या आजींना धीर देतो. याची झोप गेली तर ती कुठे दिसेल: डोळ्यांत, खांद्यांत, की चष्म्याच्या काचेवर? मालिकांनी अजून याला हूडी घालून आणि निळ्या उजेडात बसवूनच दाखवलं आहे. रंगभूषेच्या आणि वेशभूषेच्या माणसांना एक दिवस महाप्याला, शिफ्ट बदलायच्या वेळी, नुसतं उभं राहू दिलं तरी पुढची मालिका वेगळी दिसेल.